शालीखालची उशी

१

शालीखाली आई नव्हत्या. उशी होती.

मिनीबस डोंगरावरच्या विश्रामगृहाच्या आवारात शिरली, मुलं धडाधड खाली उतरली, मोठी माणसं कंबर धरत उठली. आईंची मुलगी, जिला घरात लहानथोर सगळे ताईच म्हणत, ती मागच्या सीटकडे गेली. खिडकीशी टेकून, कानटोपी आणि शालीत गुरफटून झोपलेल्या आईच्या खांद्याकडे हात नेत ती म्हणाली, "आई, ऊठ. आलो आपण."

हात खांद्यावर टेकलाच नाही. सरळ आत गेला. शाल घसरली, कानटोपी एका उशीवरून निसटून खाली पडली आणि मागोमाग दुसरी उशीही लवंडली. ताईच्या किंकाळीने आवारातले कावळे उडाले. सीटखाली आईंच्या चपला मात्र जोडीने नीट ठेवलेल्या होत्या.

हे सगळं मामांनी फोनवर सांगितलं, तेही धापा टाकत. मामा म्हणजे त्या मिनीबसचे ड्रायव्हर. सख्ख्या भाच्यांपेक्षा प्रवाशांनीच त्यांना जास्त वेळा मामा म्हटलं असेल. "बाई, मी आरशात माणसं मोजूनच गाडी काढली हो, देवाशपथ! एक डोकं कमी नव्हतं..."

मागून कुणीतरी गरजलं, "कुणाला फोन लावतोय हा? घ्या रे त्याच्याकडून!" फटकन आवाज झाला. मग काहीच ऐकू आलं नाही.

बसवाल्या बाई खुर्चीवरून उठल्या. टायरच्या दुकानावरची एक खोली, दोन खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा, एवढंच त्यांचं ऑफिस होतं. आणि खाली रस्त्याच्या कडेला लावलेल्या तीन मिनीबस हा सगळा संसार. ऑफिसच्या सहली, शाळांची गॅदरिंगं, लग्नाला निघालेली माणसं यांना त्या गाड्या भाड्याने देत. नवरा गेल्यावर धंदा विकून टाका म्हणणाऱ्या दिरांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. जिभेला धार होती, पण गाडी आणि माणूस दोन्ही जीव लावून सांभाळत.

हे बुकिंग त्यांना चांगलंच आठवत होतं. आईंचा थोरला मुलगा, दातांचा डॉक्टर, स्वतः आला होता. आईचा ऐंशीवा वाढदिवस, सगळं कुटुंब जाणार, एक रात्र मुक्काम. उठता उठता त्याने विचारलं होतं, "दुसऱ्या दिवशी सकाळी माळावरच्या पिवळ्या फाटकापर्यंत गाडी जाईल ना? तिथे वळायला जागा आहे?" जागा आहे, बाईंनी सांगितलं होतं. शाळेच्या मुलांना गाणी म्हणायला त्यांनीच एकदा तिथे नेलं होतं.

ते आठवून आता त्यांच्या कपाळावर आठी पडली. पण विचार करत बसायला वेळ नव्हता. दुसऱ्या मिनीबसची किल्ली उचलून त्या स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या.

२

घाट सुरू होण्याआधी एक हॉटेल लागतं. सकाळी मामांची गाडी तिथेच चहाला थांबली होती. बाईंनी गाडी आत वळवली, पण लगेच लावता येईना. शहराकडे उतरणारी सार्वजनिक बस दारातच माणसं घेत उभी होती. ती निघाली तेव्हा कुठे जागा झाली.

गल्ल्यावरचा माणूस आधीच वैतागलेला होता. "सकाळपासून हेच चाललंय! त्या हरवलेल्या म्हातारबाईंचा मुलगा जीप करून आला, संडासाची दारं ठोठावून गेला, आमच्यावर शिव्यांची लाखोली वाहून गेला. आमच्याकडे म्हातारी नाही, मांजर आहे, पाहिजे तर घेऊन जा!"

बाई त्याच्याशी हुज्जत घालायला थांबल्या नाहीत. मागच्या बाजूला एक बाई फरशी पुसत होती. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पोछा बादलीत टाकून हळूच म्हणाली, "त्या मुलाला मी काही बोलले नाही. अंगावर येत होता. पण म्हातारबाईंना पाहिलं मी. एक तरणी बाई होती बरोबर, केस कापलेली. दोघींचं चांगलंच जुंपलं होतं आत."

"कशावरून?"

"दार लावलेलं होतं. म्हातारी म्हणत होती, 'मी मुळीच घालणार नाही!' आणि ती म्हणत होती, 'घालावंच लागेल, मुकाट्याने घाला, वेळ नाही.' असं कुणी सासूशी बोलतं का? मी पाणी आणायला गेले. परत आले तर ती तरणी एकटीच बाहेर येत होती. मोठी पिशवी छातीशी धरून."

"आणि म्हातारबाई?"

"आत कुणीच नव्हतं," ती म्हणाली.

३

विश्रामगृहाच्या पायरीवर अख्खं कुटुंब वाघासारखं वाट पाहत होतं. दिवाणखान्यात फुगे टांगलेले होते, टेबलावर न कापलेला केक होता, आणि मुलांना एका खोलीत कोंडून बसवलेलं होतं.

"आल्या एकदाच्या!" डॉक्टर पुढे झाला. "तुमच्या त्या बेजबाबदार माणसाने माझ्या आईला रस्त्यात टाकलं. पोलीस खालून निघालेत. तुमचा परवाना राहतो का बघतोच मी."

"बघा. आधी माझा माणूस कुठाय ते सांगा."

मामा गाद्यांच्या कोठारात होते. बाहेरून कडी. बाईंनी ती काढली तेव्हा म्हातारा ड्रायव्हर गाद्यांच्या ढिगाशी उकिडवा बसला होता. डावा गाल सुजला होता.

बाई वळल्या. "हात कुणी उचलला?"

आईंच्या धाकट्या मुलाने बूट निरखायला सुरुवात केली.

"मी उचलला," डॉक्टर म्हणाला. "तुमची आई असती तर तुम्ही काय आरती ओवाळली असती?"

"माझी आई असती तर तिच्या शेजारी मी बसले असते. तिच्या जागी उशी आहे हे कळायला मला डोंगर चढावा लागला नसता." बाईंनी मामांना हात देऊन उठवलं. "पोलीस येईपर्यंत मी चार प्रश्न विचारणार आहे. उत्तरं द्यायची नसतील तर देऊ नका. कोण गप्प बसलं, तेवढं त्यांना सांगेन."

"बघा तिचा तोरा!" ताई फिस्कारली. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि समोरच्याला बाकावर उभं करायची सवय तिच्या आवाजातून जात नव्हती. पण ती खुर्ची ओढून बसली.

४

आधी मामा बोलले. "मी नेहमी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबतो, बाई. पण धाकट्या वहिनींनी हट्ट धरला, ह्याच हॉटेलला थांबवा. निघताना आरशात मोजलं. कानटोपी, शाल, सगळं जागेवर. आजी तर सकाळपासून तशाच बसल्या होत्या. एवढं ऊन, बाकीचे घामाघूम, मी म्हटलं, आजी, टोपी तरी काढा. तर म्हणाल्या, तू गाडी चालव."

"आणखी काही?"

मामांनी धाकट्या मुलाकडे चोरून पाहिलं. "हे साहेब हॉटेलच्या मागे फोनवर होते. 'उद्या सकाळीच सगळं बाहेर काढा, आम्ही नसतानाच,' असं म्हणत होते."

धाकटा उसळला. "माझं खाजगी बोलणं ऐकतोस? ते कामाचं होतं! त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध मी लावते," बाई म्हणाल्या. "ताई, हॉटेलपर्यंत तुम्ही आईंच्या शेजारी होतात. मग पुढे का गेलात?"

"मला घाट लागतो. वहिनीच म्हणाली, तुम्ही पुढे बसा, मी बसते आईंजवळ. मी चहा घेऊन गाडीत चढले तेव्हा आई पांघरूण घेऊन झोपली होती. वहिनी म्हणाली, डोकं दुखतंय त्यांचं, उठवू नका." बोलता बोलता ताईचा आवाज चढला, आणि ती गर्रकन वळली. "तूच! तूच होतीस शेजारी! दोन तास उशीच्या शेजारी बसलीस आणि तुला कळलं नाही?"

सगळ्यांच्या माना एकदम फिरल्या. धाकटी सून खिडकीशी उभी होती. तिचं स्वतःचं पार्लर होतं. केस खांद्यापर्यंत कापलेले, हाताची घडी, चेहरा दगडासारखा. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य हा त्या कुटुंबातला जुना विषय होता. एकीने पूर्व म्हटलं की दुसरी पश्चिम म्हणायची.

"बोल ना!" तिचा नवराच ओरडला. "काय केलंस आईचं?"

"काही नाही," ती म्हणाली. पण तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. आल्यापासून तिचं हे असंच चाललंय, हे बाईंच्या लक्षात आलं होतं.

"खोटं! दात होता तिचा आईवर," ताई म्हणाली. "हॉटेलातही भांडत होती, मी ऐकलंय."

"भांडण झालं, ते खरं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मामा, गाडीची डिकी उघडा."

"डिकीत काय?" डॉक्टर पटकन आडवा आला. "डिकीत सामान आहे. आमचं खाजगी सामान."

बाई त्याला वळसा घालून गेल्या. डिकीत पिशव्या होत्या, चेंडू-बॅट होती, आणि सगळ्यात मागे एक भलीमोठी पत्र्याची ट्रंक. बाईंनी झाकण उचललं. हिवाळ्याचे स्वेटर. दोन रजया. आईंच्या नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो, टॉवेलात गुंडाळलेला.

"एका रात्रीच्या सहलीला," बाई म्हणाल्या, "नवऱ्याचा फोटो कोण घेऊन जातं?"

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

५

बाई पुन्हा आत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात आईंच्या चपला होत्या. त्या त्यांनी केकच्या शेजारीच ठेवल्या. ताईला ते आवडलं नाही, पण बोलायची तिची हिंमत झाली नाही.

"तुम्ही सगळे सकाळपासून एकच प्रश्न विचारताय. आईंना कुणी टाकलं? प्रश्नच चुकलाय. फसवून मागे ठेवलेल्या बाईच्या चपला तिच्या पायात असतात. ह्या सीटखाली होत्या. म्हणजे आई हॉटेलातून अनवाणी गेल्या, नाहीतर दुसरं काहीतरी पायात घालून गेल्या. फरशी पुसणाऱ्या बाईने ऐकलं, 'मी मुळीच घालणार नाही.' काय घालणार नव्हत्या त्या, धाकट्या वहिनी?"

धाकट्या सुनेला एकाएकी ते असह्य झालं असावं. "कॅनव्हासचे बूट," ती म्हणाली. "चपलांनी घसरल्या असत्या. म्हणे, शाळकरी पोरासारखी दिसेन. त्यावर एवढा तमाशा!"

"बूट तिने आधीच पिशवीत आणले होते," बाई म्हणाल्या. "आणि आई भर उन्हात टोपी-शाल घालून बसल्या, ते थंडी वाजत होती म्हणून नव्हे. तुमच्या डोळ्यांना सवय लागावी म्हणून. टोपी-शाल दिसली की आई दिसली! उशा माझ्याच गाडीतल्या. हा बेत एकटीचा नाही, दोघींचा आहे. आई स्वतःच्या पायांनी गेल्या."

"काहीतरीच काय!" ताई म्हणाली. "ह्या दोघी? ह्या दोघी एका ताटलीतलं मीठ घेणार नाहीत!"

"आई का जाईल?" धाकटा कुजबुजला.

"ते तुम्ही मला विचारताय? माळावरच्या पिवळ्या फाटकात मी शाळेची मुलं नेली होती. वृद्धाश्रमातल्या लोकांना गाणी म्हणून दाखवायला." बाईंचा आवाज आता चढला. "आज केक कापायचा, उद्या सकाळी ट्रंकेसकट आईला फाटकात उतरवायचं. आणि त्याच वेळी तिकडे मजूर तिच्या घरातलं सामान बाहेर काढणार. आम्ही नसतानाच! वाढदिवसाची चांगली भेट होती."

ताईने भावांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की पिवळं फाटक तिला ठाऊक होतं, पण मजुरांचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. "दादा? तू म्हणालास, महिनाभर ठेवून बघू. आवडलं तरच."

"तिला तिथे बरंच वाटलं असतं!" डॉक्टर ओरडला. "खालच्या मजल्यावर दवाखाना काढायचाय मला. एवढं घर एकट्या बाईला काय करायचंय? आणि तुम्ही कोण न्यायनिवाडा करणाऱ्या? गाडीवाल्या आहात, गाडीचं बघा! आई हरवलीय हे खरं आहे की नाही? कुठे आहे ती?"

"घरी."

"घराला कुलूप आहे. आठवडाभर ती माझ्याकडेच आहे. चावी माझ्यापाशी."

"दाखवा."

डॉक्टरने बॅगेच्या आतल्या कप्प्यात हात घातला. मग दुसऱ्या कप्प्यात. मग बॅग सोफ्यावर उपडी केली.

धाकटी सून पहिल्यांदाच हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "शोधा," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही गाडीत पुढच्या सीटसाठी भांडत होतात ना, तेव्हाच घेतली. खाली जाणारी बस त्या हॉटेलपुढे थांबते. आईंना मी त्या बसमध्ये बसवायलाही गेले नाही, मागच्या दाराने त्या एकट्या गेल्या. म्हणाल्या, 'तू बरोबर दिसलीस तर सगळ्यांना संशय येईल. तू आणि मी एकत्र कधी असतो का?'"

"नाहीच म्हणायचं होतं ना तिने!" ताई रडवेली झाली. "गाडीत बसायलाच नाही म्हणायचं."

"म्हणाल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी समजूत काढून नेलं असतं. घराची चावी तुमच्या दादांकडे. तुम्ही सगळे लांब असल्याशिवाय त्यांना स्वतःच्या घरात शिरता येत नव्हतं. आतून कडी घातली की फोन करणार होत्या. म्हणून मी घड्याळ बघत होते."

बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आणि तोवर माझा माणूस मार खात कोठारात बसला. त्याचं तोंड सुजलेलं तुम्हाला दिसत होतं."

सुनेची मान पहिल्यांदा खाली गेली. "मी बोलले असते तर हे लगेच गाडी काढून मागे गेले असते. अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ, असं करत राहिले. चुकलंच माझं, मामा."

मामांनी गालावरचा हात काढला नाही.

"फोन लावा," बाई म्हणाल्या. "घरचा."

सुनेने लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल टेबलावर ठेवला. घंटा वाजत राहिली. वाजतच राहिली. सुनेचा चेहरा हळूहळू उतरू लागला. बाईही मोबाईलवर वाकल्या. सगळं गणित बरोबर असेल, पण ऐंशी वर्षांची बाई आहे, उतरताना पाय मुडपला असेल तर?

खट्.

"काय आहे?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मोरीत होते मी. पाय धुवायचे की नाही माणसाने?"

"आई!" डॉक्टर टेबलावर झेपावला. "काय वेडेपणा चालवलायस हा? आम्ही सगळे इथे जिवाला घोर लावून..."

"घोर उद्या लागणार होता, तो आजच लागला. दाराला आतून कडी आहे आणि खुर्चीही लावली आहे. मजुरांना पाठव खुशाल, शेजारीपाजारी सगळ्यांना गोळा करून त्यांच्यापुढे विचारते, कुणाचं घर रिकामं करताय म्हणून. त्या ड्रायव्हरला काही बोललास का तू? नीट वागतोस ना त्याच्याशी?"

डॉक्टर टेबलापासून मागे सरकला.

"मारलंय," बाईंनी मोबाईलकडे तोंड करून सांगितलं.

"तू," आई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा थरथरला, "तू माझ्या पोटचा आहेस, ह्याची आज मला लाज वाटली. त्याची माफी माग. मला ऐकू येईल अशी माग."

डॉक्टरने माफी मागितली. भिंतीकडे बघत, दात आवळून मागितली, पण मागितली.

६

बाईंनी पोलिसांना म्हातारबाई सापडल्याचं कळवलं. सकाळी कुटुंबाला न्यायला दुसरा ड्रायव्हर पाठवते, असं त्यांनी सांगितलं, आणि सुजल्या गालाने मामांना गाडी चालवू द्यायची नाही म्हणून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. गाडी चालू केली तेव्हा दारावर थाप पडली. धाकटी सून होती, हातात एकच पिशवी.

तिचा नवरा मागे पायरीवर उभा होता. "गाडीत चढलीस तर परत माझ्या दारात यायचं नाही!"

"बरं," ती म्हणाली आणि चढली.

ट्रंक आधीच मामांनी इकडच्या गाडीत आणून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

घाट उतरून झाला तरी बाईंच्या मनातला राग काही निवला नव्हता. आरशात त्या मधूनमधून सुनेकडे पाहत होत्या. शेवटी राहवेना. "तुमचं एवढं वाकडं. मग कशाला पडलात ह्यात?"

"मला त्या आवडत नाहीत," सून खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लग्न झाल्यापासून एक दिवस त्यांनी मला सरळ चहा पिऊ दिला नाही. माझे केस, माझे कपडे, माझं पार्लर, सगळ्यावर बोलल्या. पण जे बोलल्या ते तोंडावर. ही सगळी 'आई, आई' करत गोड बोलत होती आणि जेवणाच्या टेबलावर बेत ठरवत होती. मी भांडी उचलत होते, म्हणून मी तिथे नसल्यासारखंच होतं. त्यांना जाऊन सांगितलं तर रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुला अक्कल आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.'"

मामांना हसू आलं आणि गाल दुखला.

दिवे लागून गेले होते तेव्हा गाडी त्या घरापुढे थांबली. जुनं, दोन मजली, साधं घर. खालच्या एकाच खोलीत उजेड. सून उतरली, मामांनी आणि तिने मिळून ट्रंक पायरीपर्यंत ओढत नेली. खिडकीचा पडदा हलला. मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कडी निघाली आणि दार हातभर उघडलं.

"एवढा उशीर?"

"गाडी काय माझ्या बापाची आहे? आणि तुमची लेकरं सोडतात का लवकर!"

"फोटो आणलास ह्यांचा?"

"ट्रंकेत आहे."

"काच फुटली नाही ना? तुझा काही भरवसा नाही." आई दारातून थोड्या बाजूला झाल्या. "ये आत. पण एक सांगून ठेवते, माझ्या स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही."

"तुमच्या हातचं खाणार कोण? मी बाहेरून मागवते."

दार बंद झालं. कडी लागली, खुर्ची पुन्हा सरकली. मग आतून आधी एक आवाज चढला, त्यावर दुसरा, आणि मग दोन्ही एकदम.

मामा गाडीत येऊन बसले आणि काळजीने दाराकडे पाहत राहिले. "बाई, थांबायचं का थोडं? भांडतायत हो त्या."

"भांडू द्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.